आयडाहोला बटाटे कशाला?

अमेरिकेच्या वायव्येकडचं आयडाहो हे बटाट्यांचं राज्य. तिथल्या मोटारींच्या नंबर प्लेटवरसुद्धा ‘फेमस पोटॅटोज’ असं छापलेलं असतं. आता समजा, या राज्यातल्या फूड बँकेचं गोदाम आसपासच्या शेतकऱ्यांनी दिलेल्या बटाट्यांनी आधीच भरलेलं आहे, आणि शिकागोच्या मुख्य कार्यालयातून फोन येतो, की रांगेत तुमचा नंबर लागलाय, एक ट्रक बटाटे आहेत, घेणार का?

अमेरिकेतल्या फूड बँकांच्या राष्ट्रीय जाळ्यात २००५ पर्यंत अन्नाचं वाटप ज्या पद्धतीने चालायचं, तिची अडचण समजावताना हेच उदाहरण दिलं जातं. ऐकणारा हसतो. पण त्याच दिवशी दुसऱ्या कुठल्या तरी राज्यात बटाट्यांची वाट बघणारी एखादी फूड बँक असते, आणि तिला फोन येतो तो थंड पेयांच्या ट्रकसाठी. यात कुणी लबाडी केलेली नसते की हलगर्जी. रांग प्रामाणिक, यादी प्रामाणिक, वजनकाटाही प्रामाणिक. तरीही माल भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.

भुकेबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा ‘अन्न कमी पडतं’ इथेच थांबतो. या प्रकरणात अन्न होतं, ट्रक होते, ते वाटायला माणसंही होती. कुठल्या गोदामात आज काय पडून आहे आणि काय संपलंय, एवढंच वाटप करणाऱ्याला ठाऊक नव्हतं. ज्या गोदामवाल्याला ते ठाऊक होतं, त्याला विचारायची सोय पद्धतीत नव्हती. ती सोय करण्यासाठी जे केलं गेलं ते सुरुवातीला बऱ्याच जणांना अभद्र वाटलं. तिथे लिलाव सुरू झाला.

कोठार आणि सरवा

फूड बँक म्हटल्यावर जेवणाच्या पंगती डोळ्यांसमोर आणू नयेत. अमेरिकेत फूड बँक म्हणजे घाऊक कोठार. कंपन्या, शेतकरी, सुपरमार्केट आणि सरकार यांच्याकडून माल आत येतो आणि आपल्या प्रदेशातल्या शेकडो छोट्या संस्थांकडे जातो. चर्चच्या तळघरातली पॅन्ट्री असते, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देणारं केंद्र, बेघरांचे निवारे असतात, सूप किचन असतात, शाळाही असतात. भुकेलेला माणूस उभा राहतो तो पॅन्ट्रीच्या दारात. गोदामातल्या फोर्कलिफ्टवाल्याने त्याला सहसा पाहिलेलंही नसतं. हे अंतर लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

या कल्पनेची सुरुवात ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात झाली. जॉन व्हॅन हेंगल नावाचे गृहस्थ तिथल्या एका धर्मादाय भोजनगृहात स्वयंसेवक होते. सुपरमार्केटमागच्या कचरापेट्यांमधून मुलांसाठी अन्न काढणाऱ्या एका बाईने त्यांना सुचवलं, की पैशांसारखी अन्नाचीही बँक हवी, ज्याच्याकडे जास्त आहे त्याने ठेवावं, ज्याला हवं त्याने न्यावं. १९६७ मध्ये सेंट मेरीज चर्चने एक बंद पडलेली जागा आणि ३,००० डॉलर दिले. सेंट मेरीज फूड बँक ही जगातली पहिली फूड बँक समजली जाते. पहिल्याच वर्षी तिथून ३६ संस्थांना माल गेला. १९७९ मध्ये अशा फूड बँकांचं राष्ट्रीय जाळं उभं राहिलं, त्याचं नाव ‘सेकंड हार्वेस्ट’. २००८ पासून हेच जाळं ‘फीडिंग अमेरिका’ म्हणून ओळखलं जातं. त्यात आज सुमारे २०० प्रादेशिक फूड बँका आहेत आणि त्यांच्यामागे साठ हजारांच्या आसपास पॅन्ट्री आणि भोजनकेंद्रं.

‘सेकंड हार्वेस्ट’ म्हणजे दुसरी कापणी. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, सरवा. कापणी, काढणी उरकल्यावर शेतात राहिलेली कणसं वेचायची, ती वेचणाऱ्याची. व्हॅन हेंगल यांनीही सुरुवातीला झाडांवर राहिलेली फळंच गोळा केली होती. पुढे सरवा शेतापेक्षा कारखान्यात जास्त पडू लागला. लेबल चुकलं, खोका चेपला, नवी चव बाजारात चालली नाही, सण संपला तरी सणाच्या वेष्टनातला माल उरला. खायला उत्तम आणि विकायला निकामी, असा हा माल.

कंपन्यांनी तो फेकून न देता द्यावा यासाठी दोन कायदे कामी आले. १९७६ च्या करसुधारणेने असा माल दान करणाऱ्या कंपन्यांना वाढीव करसवलत दिली. १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या गुड समॅरिटन कायद्याने सद्भावनेने अन्न देणाऱ्याला खटल्यांपासून संरक्षण दिलं, अगदी घोर निष्काळजीपणा नसेल तर. करसवलतीला मात्र अट होती. माल गरजूंसाठीच वापरायचा आणि पुढे पैशांच्या मोबदल्यात विकायचा नाही. दानाच्या मालाचा बाजार मांडायचा नाही, हा संकेत त्यामुळे या क्षेत्रात भावनेचाही होता आणि कायद्याचाही.

रांग

क्राफ्ट किंवा केलॉगसारखी मोठी कंपनी एकेका फूड बँकेशी बोलत बसत नाही. ती राष्ट्रीय कार्यालयाला कळवते की अमुक गावच्या आमच्या गोदामात इतके ट्रक माल आहे, उचला. एक ट्रक म्हणजे साधारण ४०,००० पाउंड, अठरा टन. तो कुणाला द्यायचा?

यासाठी शिकागोत एक यादी असायची. प्रत्येक फूड बँकेच्या प्रदेशात गरीब किती यावरून तिच्या गरजेचा एक आकडा काढलेला असायचा. आजवर किती पाउंड मिळाले ते त्या आकड्याशी ताडून पाहायचं. गरजेच्या मानाने जिला सगळ्यांत कमी मिळालंय ती रांगेत पुढे. तिला फोन जायचा. उत्तर द्यायला काही तास. हो म्हटलं तर ट्रकचं भाडं त्या फूड बँकेने भरायचं आणि तिचा क्रमांक मागे जायचा. नाही म्हटलं तर पुढच्या नंबरला फोन.

न्यायाच्या दृष्टीने या पद्धतीत बोट ठेवायला जागा सापडत नाही. गरज जास्त त्याला जास्त, आणि वशिला कुणाचा चालत नाही. म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली. तिचा दोष मापात होता. सगळं पाउंडात मोजलं जायचं. पीनट बटरचा एक पाउंड आणि बटाट्याच्या चिप्सचा एक पाउंड यादीत सारखेच. पीनट बटर महिनोन्महिने टिकतं, शिजवावं लागत नाही, मुलं आवडीने खातात आणि त्यात प्रथिनं असतात. चिप्सचं काय सांगायचं? शिवाय चिप्सचा ट्रक वजनाने भरायच्या आधी आकाराने भरतो. म्हणजे भाडं पूर्ण ट्रकचं आणि आत निम्मी हवा.

त्याहून मोठी अडचण अशी, की राष्ट्रीय कार्यालयाकडून येणारा माल हा फूड बँकेच्या एकूण मालाचा एक लहान हिस्सा असतो. बाकीचं ती आपल्या प्रदेशातच मिळवते. कुणाच्या शेजारी दुधाचा कारखाना, कुणाच्या शेजारी संत्र्यांच्या बागा, कुणाच्या शेजारी काहीच नाही. शिकागोच्या यादीत यातलं काही दिसत नसे. ज्या फूड बँकेचं शीतगृह दह्याने भरलंय तिलाही दह्याचा ट्रक देऊ केला जायचा, कारण आकड्याने तिचा नंबर होता. आणि जिच्याकडे शीतगृहच नाही तिलाही, त्याच आकड्याने.

फोन आल्यावर गोदामप्रमुखाने काय करायचं? नको म्हणावं, तर पुढचा फोन कधी आणि कशासाठी येईल याचा अंदाज नाही. घ्यावं, तर भाड्याचे पैसे जातात आणि जागा अडते. अलास्कासारख्या ठिकाणी तर भाडं हाच मोठा प्रश्न. नकार देणाऱ्यांची साखळी लांबली की तिकडे देणगीदार कंपनी खोळंबायची. तिला माल दान करण्याइतकीच गोदाम रिकामं होण्याची घाई असते. चार ठिकाणांहून ‘विचार करून सांगतो’ असं ऐकल्यावर पुढच्या वेळी कचराभूमीचा रस्ता सोपा वाटू लागतो. भुकेच्या हिशेबात हा तोटा कुठेच लिहिला जात नाही, कारण न दिलेल्या देणगीची नोंद कोण ठेवणार?

‘मी समाजवादी आहे’

२००४ च्या सुमाराला जाळ्याने ही पद्धत बदलायचं ठरवलं. समितीत काही फूड बँकांचे प्रमुख होते आणि शिकागो विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलचे प्राध्यापक होते. अर्थशास्त्रज्ञ कॅनिस प्रेंडरगास्ट त्यांपैकी एक. अलास्का फूड बँकेच्या सुझॅना मॉर्गन होत्या. आणि पश्चिम मिशिगनचे जॉन आर्नल्ड होते.

आर्नल्ड यांची फूड बँक ग्रँड रॅपिड्सच्या परिसरातली. तिचं तेव्हाचं नाव ‘सेकंड हार्वेस्ट ग्लीनर्स’, म्हणजे शब्दशः सरवा वेचणारे. मिशिगनच्या ८३ काउंट्यांपैकी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांपैकी, ४० तिच्या प्रदेशात, उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या अप्पर पेनिन्सुलासह. प्राध्यापकांनी बोलींची, किमतींची भाषा सुरू केली तेव्हा आर्नल्ड जे म्हणाले ते प्रेंडरगास्ट यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. त्याचा मराठीत आशय असा, ‘मी समाजवादी आहे. म्हणूनच तर फूड बँक चालवतो. बाजारावर माझा विश्वास नाही. ऐकून घेणार नाही असं म्हणत नाही, पण माझा याला विरोध आहे.’

हे वाक्य सांगून बरेच लोक हसतात, जणू बाजार न कळलेल्या भाबड्या माणसाचा हा किस्सा आहे. मला ते तसं वाटत नाही. भुकेचं काम करणारा माणूस रोज बाजाराच्याच दुसऱ्या टोकाला उभा असतो. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला बाजार वाढत नाही, म्हणून तर पॅन्ट्री लागते. तिथे येऊन कुणी ‘बोली लावा’ म्हणालं तर पहिला प्रश्न हाच यायला हवा, की बोली लावायला कुणाकडे काय आहे? मोठ्या शहरातल्या फूड बँकेकडे खरेदीखातं असतं, संगणकावर बसलेली माणसं असतात. लहान गावच्या फूड बँकेत जो ट्रक उतरवतो तोच हिशेब लिहितो आणि तोच पत्रं टाकतो. अशांची बरोबरी कशी लागणार? शिवाय कायद्याची अट होतीच, की दानाचा माल विकायचा नाही.

समितीचं शेवटचं उत्तर या शंकांच्या भोवतीच विणलं गेलं, आणि ते या प्रकरणातलं सगळ्यांत वाचनीय पान आहे.

दिवसा बोली, मध्यरात्री वाटणी

जुलै २००५ मध्ये ‘चॉइस सिस्टिम’ सुरू झाली. तिच्यात एक नवं चलन होतं, ‘शेअर’. शेअर बाजारातला शेअर नव्हे. हा नुसता वाटा. त्याला डॉलरमध्ये किंमत नाही, तो विकता येत नाही, त्याने पगार भागत नाही की वीजबिल भरत नाही. त्याने फक्त दानाच्या मालावर बोली लावता येते. प्रत्येक फूड बँकेला शेअर मिळतात ते जुन्याच गरजेच्या आकड्याच्या प्रमाणात. ज्या प्रदेशात गरीब दुप्पट, त्याच्या फूड बँकेला शेअर दुप्पट. म्हणजे रांगेतला न्याय तसाच ठेवला. फक्त त्या न्यायाचं माप पाउंडावरून शेअरवर आणलं.

कामाच्या दिवशी दोनदा लिलाव होतो. उपलब्ध ट्रकांची यादी संगणकावर दिसते. माल काय, वजन किती, कुठल्या गावाहून उचलायचा. फूड बँका बंद बोली टाकतात, कुणाची बोली कुणाला दिसत नाही. सर्वांत मोठी बोली जिंकते, तितके शेअर कापले जातात, भाडं पूर्वीसारखंच जिंकणाऱ्याने भरायचं. झालेल्या सौद्यांच्या किमती मागाहून सगळ्यांना बघता येतात, त्यामुळे नवख्यालाही अंदाज येतो की पास्ता साधारण कितीला जातो.

खर्च झालेले शेअर कुठे जातात? मध्यरात्री ते सगळे गोळा होऊन पुन्हा सर्व फूड बँकांना वाटले जातात, गरजेच्या प्रमाणात. समजा एका मोठ्या फूड बँकेने हट्टाने पीनट बटरवर भरमसाट बोली लावली. ती बोली वाया गेली असं होत नाही. त्या रात्री तिचे शेअर देशभरातल्या इतर फूड बँकांच्या खात्यांत थोडे थोडे येऊन पडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या जास्त ताकदीने बोली लावतात. चैनीचा माल घेणारा आपोआप बाकीच्यांना काही तरी देऊन जातो. सरकारी मदतीच्या कितीतरी योजना पाहिल्या, वाचल्या, पण इतक्या साध्या युक्तीने इतकं फेरवाटप साधलेलं फार ठिकाणी दिसत नाही.

न वापरलेले शेअर साठवता येतात. आज काही नको असेल तर गप्प बसा, तुमचा हक्क बुडत नाही. आयडाहोच्या गोदामप्रमुखाला बटाट्यांना ‘नको’ म्हणायची भीती उरली नाही. नको म्हणायचीही गरज नाही, बोलीच लावली नाही की झालं.

लहान फूड बँकांसाठी जे केलं त्यात आर्नल्ड यांच्या शंकेची सावली दिसते. शेअर कमी असतील आणि समोर चांगला ट्रक असेल, तर बिनव्याजी उधारी. एकट्याला पूर्ण ट्रक झेपत नसेल तर दोघांनी मिळून बोली लावायची मुभा. रोज संगणकासमोर बसायला माणूस नसेल तर आपल्या वतीने बोली लावायचं काम राष्ट्रीय कार्यालयातल्या कर्मचाऱ्यावर सोपवता येतं. आणि कुठे कुणावर अन्याय होतोय का हे पाहायला फूड बँकांचीच एक समिती.

याशिवाय फूड बँकेला आपल्याकडचा जास्तीचा माल यादीत टाकता येतो. पूर्वी एखाद्या ठिकाणी स्थानिक कारखान्याने चार ट्रक दिले तर दोन ठेवून दोन नाकारावे लागायचे. आता चारही घ्यायचे, दोन लिलावात टाकायचे, मिळालेल्या शेअरनी आपल्याला हवं ते घ्यायचं. आयडाहोचे बटाटे या वाटेने दुसरीकडे जाऊ शकतात. पहिल्या परिच्छेदातला ट्रक उलट्या दिशेने निघाला म्हणायचा.

किंमत शून्याच्या खालीही जाऊ शकते हा नियम मला सगळ्यांत आवडला. काही माल असा असतो की तो कुणालाच धड नको असतो, पण देणगीदाराला दुखवायचं नसतं. त्याच कंपनीकडून पुढच्या महिन्यात सिरिअलचा ट्रक येणार असतो. अशा मालावर उणे बोली लावता येते. ‘मी उचलतो, पण मला वरून शेअर द्या.’ रांगेच्या काळात हे ओझं ज्याच्यावर पडायचं त्याला कुणी आभारसुद्धा म्हणत नसे.

किमतींनी काय सांगितलं

लिलाव सुरू झाल्यावर पहिल्यांदाच आकड्यांत दिसलं की पाउंड आणि पाउंड सारखे नसतात. पीनट बटर, पास्ता, सिरिअल, मुलांचे डायपर यांना चढे भाव मिळाले. ताज्या भाज्या, बटाटे, पेयं तळाला. फरक दुप्पट-तिप्पट असता तर जुन्या पद्धतीचं फारसं बिघडलेलं नव्हतं असं म्हणता आलं असतं. पण तो कित्येक पटींचा निघाला. इतकी वर्षं यादीने ज्यांना एका तागडीत तोललं, त्या वस्तू गोदामवाल्यांच्या लेखी मुळीच समान नव्हत्या.

प्रेंडरगास्ट यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती आर्नल्ड यांच्या भीतीच्या नेमकी विरुद्ध आहे. ज्या फूड बँकांकडे स्थानिक माल मुबलक, त्या आपले शेअर थोड्या पण महाग मालावर खर्च करतात. गोदाम भरलेलंच असतं, त्यांना पीनट बटरसारखं नेमकं काही हवं असतं. ज्यांच्याकडे स्थानिक माल तुटपुंजा, त्या स्वस्त ट्रक भराभरा घेतात आणि पाउंडांच्या हिशेबात जास्त माल नेतात. रांगेच्या काळात सधन आणि निर्धन दोघींना सारखंच वाढलं जायचं. आता निर्धन फूड बँक सधन फूड बँकेने सोडलेल्या मालावर जवळपास फुकट हात मारू शकते. गरिबाला बाजार चिरडेल ही भीती खरी ठरली नाही, कारण या बाजारात पैसा गरजेनुसार वाटलेला होता आणि रोज रात्री पुन्हा वाटला जात होता. खऱ्या बाजारात असं कुणी करत नाही. त्यामुळे ‘बघा, शेवटी बाजारच जिंकला’ असं म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. आर्नल्ड यांना नको असलेला बाजार हा नव्हताच.

देणग्यांचा ओघही वाढला. ट्रकचा निर्णय दिवसभरात लागू लागल्याने कंपन्यांचा खोळंबा संपला, आणि फूड बँका स्वतःजवळच्या जास्तीच्या मालाला नाही म्हणेनाशा झाल्या.

पण भूक?

इथे थोडं थंड पाणी ओतायला हवं. २००५ मध्ये अमेरिकेतली ११ टक्के कुटुंबं अन्नाबाबत असुरक्षित होती, असं तिथल्या कृषी खात्याची वार्षिक पाहणी सांगते. म्हणजे वर्षात केव्हा ना केव्हा पुरेसं अन्न मिळण्याची त्यांना खात्री नव्हती. मंदीनंतर २०११ मध्ये हा आकडा १४.९ वर गेला. २०२१ मध्ये, महासाथीच्या काळातली सरकारी मदत चालू असताना, तो १०.२ पर्यंत उतरला. ती मदत आटली आणि महागाई वाढली, तशी २०२३ मध्ये तो १३.५ झाला. लिलाव या सगळ्या काळात दिवसातून दोनदा होतच होता. भुकेचा आलेख रोजगार, भाव आणि सरकारी मदत यांच्या मागे चालतो, ट्रकांच्या हुशार वाटपामागे नाही. फीडिंग अमेरिका स्वतःच सांगते की फूड बँकांच्या जाळ्यातून एक जेवण जातं तेव्हा गरिबांना अन्नखरेदीसाठी मदत देणाऱ्या सरकारच्या ‘स्नॅप’ योजनेतून नऊ जातात. फूड बँकेचं काम त्या दहातल्या एका जेवणाचं आहे. ते नीट व्हावं एवढीच अपेक्षा ठेवावी.

दुसरी मर्यादा किमतींच्या आत दडलेली आहे. गाजराचा भाव शून्याजवळ आणि सिरिअलचा आकाशात, याचा अर्थ लोकांना गाजर नको असा होत नाही. गाजराला शीतगृह लागतं, ते लवकर नासतं, पॅन्ट्री आठवड्यातून एकदाच उघडते, आणि दूरवरून आणायचं तर भाडं सिरिअलइतकंच. किमतीत गोदामाची अडचण बोलते. मधुमेह असलेल्या माणसाची गरज तिच्यात उमटत नाही. याच अडचणीवर आर्नल्ड यांच्या फूड बँकेने वेगळ्या वाटेने काम केलं. त्यांनी नाशिवंत माल गाडीत भरून थेट वस्तीत न्यायची फिरती पॅन्ट्री चालवली. भाजी शेल्फवर चढतच नाही, ट्रकमधून उतरते ती घरी नेणाऱ्याच्या पिशवीत. ज्या चाळीस काउंट्यांत लोक लांब लांब राहतात तिथे हे विशेष उपयोगी.

मघाशी जे अंतर लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते इथे येतं. चॉइस सिस्टिमने ‘चॉइस’ दिली ती गोदामप्रमुखाला. पॅन्ट्रीच्या दारातला माणूस अजून रांगेतच. पॅन्ट्रीत पूर्वापार पद्धत म्हणजे आधी भरून ठेवलेला खोका, सगळ्यांना सारखा. घरात तान्हं बाळ असो की दोन म्हातारी माणसं, चूल असो की मोटारीत झोपणारं कुटुंब असो, खोका तोच. पाउंडावर चालणाऱ्या जुन्या यादीचंच हे छोटं रूप आहे. वाढणारा प्रामाणिक, माप समान, आणि घरी गेल्यावर निम्मा खोका फडताळात तसाच.

आणि या खोक्याच्या विरोधात अमेरिकेत सर्वांत आधी आणि सर्वांत चिकाटीने बोलणाऱ्यांत होते ते जॉन आर्नल्डच. लिलावाला विरोध करण्याच्या कितीतरी आधीपासून, १९९० च्या दशकापासून, ते पॅन्ट्री चालवणाऱ्यांना सांगत होते की खोके भरणं बंद करा, माल फळ्यांवर मांडा, आणि लोकांना हाताने निवडू द्या. आपल्याला काय लागतं ते त्यांना कळतं. असं केलं की तेवढ्याच मालात जास्त कुटुंबांचं भागतं, कारण नको ते कुणी घरी नेत नाही. समितीच्या टेबलावर प्राध्यापक त्यांना गोदामांबद्दल जे पटवून देत होते, त्याचं घरगुती रूप ते स्वतः गावोगाव शिकवत आले होते. आर्नल्ड २०१२ मध्ये गेले. निवड करू देणाऱ्या पॅन्ट्री आता अमेरिकेत अनेक ठिकाणी आहेत. खोका देणाऱ्याही अजून बऱ्याच आहेत, कारण खोका भरायला कमी जागा लागते, रांग भराभर सरकते, आणि शनिवारी सकाळी स्वयंसेवक दोनच असतात.

निवड करू देणाऱ्या पॅन्ट्रीत एखादी बाई बीन्सचा डबा उचलते, लेबलवरचं मीठ वाचते आणि डबा परत फळीवर ठेवते. शेजारी उभा असलेला स्वयंसेवक ते पाहतो. त्याने सोमवारी फूड बँकेला फोन करून सांगितलं, की कमी मिठाचे आले तर पाठवा, हे पडून राहतायत, तर दुपारी बोली लावणाऱ्याचा आकडा बदलू शकतो.